श्रीचे बारा बाइट

अफीफाला या प्रकरणातून मिळायचं होतं ते एक वर्ष. बाकी दोन गोष्टी होत्याच: ‘लीड’ ही पदवी, जी भाविक सर पगारवाढीऐवजी वाटत असत, आणि एसीच्या झोताखालची खुर्ची, जिच्यावर बसणाऱ्याला सर्दी ठरलेली. त्या दोन्ही तिनं मागेल त्याला फुकट देऊन टाकल्या असत्या. पण तिच्या आईनं, हबीबानं, घरात सगळ्यांसमोर कबूल केलं होतं की पोरगी ऑफिसात लीड झाली तर वर्षभर पडघ्याचा, महाडचा किंवा दुबईहून सुट्टीवर आलेला एकही मुलगा दिवाणखान्यात बसवला जाणार नाही. हबीबा शब्दाची पक्की. धमकी देतानाही ती पक्कीच असायची, हा त्यातला तोटा.

लीड व्हायला अट एकच. अंजूरला केसरीनाथ पाटलांच्या गोदामात बसवलेली पेटी तीस दिवस बंद न पडता चालली पाहिजे.

पेटीचं नाव ‘पेटारा’. कल्याण नाक्यावर मेडिकलच्या दुकानावर दोन खोल्यांत भाविक सरांची कंपनी होती आणि पेटारा हा तिचा एकुलता एक माल. बुटाच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर. गोदामाच्या सगळ्या फाइली त्याच्या पोटात, आणि गोदामातले बाकीचे कॉम्प्युटर वायरीवरून त्या उघडणार. आतली ऑपरेटिंग सिस्टिम फुकटची, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली. फाइली वाटायचं काम ती थेट गाभ्यातून करते, ज्याला कर्नेल म्हणतात. साध्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर तो प्रोग्रॅम बंद पडतो. कर्नेलमध्ये झाली तर अख्खी पेटी आडवी. शहाणी माणसं तिथं हात घालत नाहीत. अफीफानं घातला होता, कारण भाविक सरांनी पत्रकावर ‘मराठी नावं जशीच्या तशी’ असं आधी छापून घेतलं आणि मग तिला विचारलं, की हे जमेल ना. कुणी कोणती फाइल उघडली याची नोंद ठेवणारा भाग तिनं लिहून कर्नेलमध्ये बसवला. मराठी नावासकट.

बाविसाव्या दिवसापर्यंत पेटी अकरा वेळा पडली होती.

“अकराच्या अकरा वेळा त्या गोदूबाईच्या ड्युटीत,” भाविक सर म्हणाले. “आठ ते चार ती बसते, चारनंतर दीपेश. दीपेशच्या शिफ्टला एकदाही नाही. क्रिकेटमध्ये असं झालं तर आपण काय म्हणतो?”

“फिक्सिंग.”

“ती प्लग काढते. मोबाइल चार्ज करायला.”

“कुणी बघितलंय?”

“बघायला कशाला पाहिजे? टेबलाखाली एकच बोर्ड आहे.” त्यांनी छापील कागद पुढे सरकवला. पेटीत दोष नाही, ऑपरेटरकडून वारंवार वीजपुरवठा खंडित, असं त्यावर दोन भाषांत होतं. “केसरीनाथ शेठची सही घेऊन ये. सही झाली की अकरा पडझडी हिशोबातून बाद. आठ दिवसांनी तू लीड. तुझा कोड स्वच्छ आहे ना?”

“आहे,” अफीफा म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. तिनं कोड तीनदा वाचला होता आणि तिन्ही वेळा तो तिला आवडला होता. पण एक गोष्ट तिला ठाऊक होती आणि ती तिनं मनात जरा मागच्या रांगेत बसवली होती. प्लग काढलेली पेटी मुकाट मरते. ही पेटी अकरापैकी सात वेळा अर्धं पान मृत्युपूर्व जबानी, म्हणजे पडताना काय चाललं होतं त्याची नोंद, मागे ठेवून गेली होती. जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, हे खरं. एकदा ती प्रिंटरला उत्तर देताना पडली, एकदा घड्याळ बघताना, एकदा काहीच करत नसताना. त्यामुळे कशावरच बोट ठेवता येत नव्हतं. आणि समोर एक वर्ष ठेवलेलं असताना माणूस बोट ठेवायला जागा फार कसून शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती शेअर रिक्षानं अंजूरला उतरली. बॅगेत लॅपटॉप आणि कागद.

केसरीनाथ पाटलांचं गोदाम म्हणजे खरं तर अकरा गाळे. जमीन भाऊबंदांची, एकेका गाळ्याखाली एकेकाची. कारभार केसरीनाथांचा, कारण भांडणात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांनी कागद उभ्याउभ्याच वाचला आणि खुशीत आले.

“मी बोल्लोच होतो. बाई मेहनती हाय गं, न्हाय कोन बोलतो? पन काम्पुटर म्हंजे बारदान न्हाय. खाली सॉर्टिंगला जागा हाय, परत तिथं पाठवतू तिला. आमची भाची मनाली बसंल हितं. तिनं कोर्स केलाय.” मग जरा थांबून, “कोर्स अर्धा झालाय.”

म्हणजे इथंही कुणाला तरी काहीतरी मिळायचं होतं.

“आधी एकदा पेटी बघते, मग सही घेते,” अफीफा म्हणाली. हे ती केवळ शिस्त म्हणून म्हणाली.

गोदूताई कोन गावची, पंचेचाळिशीची. सहा वर्षं तिनं खाली उभ्यानं पार्सलं निवडली होती. पायांच्या शिरा फुगून दोरीसारख्या झाल्या, तेव्हा तिनं स्वतःच मोबाइलवर बघून मराठी टायपिंग शिकून घेतलं आणि दोन वर्षांपूर्वी ही खुर्ची मिळवली. खुर्चीच्या पाठीला तिनं घरून आणलेला टॉवेल लावला होता. अफीफाच्या हातातला कागद तिनं लांबूनच ओळखला.

“सॉर्टिंगचा हाय ना कागद?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“मनाली सकालपासून दोनदा खुर्ची बघून गेली. एकदा बसून बी बघितलान.”

अफीफानं टेबलाखाली बघितलं. “ताई, तुम्ही मोबाइल इथं लावता का चार्जिंगला?”

गोदूताईनं कमरेची पिशवी उघडून बटणांचा फोन टेबलावर ठेवला. “याला चार दिसांनी एकदा खायला लागतं. ता मी घरी घालतंय. मोठा फोन पोरीकडं असतो, तिचा कॉलेज हाय. आता तू सांग, मी कनाला पलग काढू?”

गोदूताईनं खणातून शाळेची वही काढली. प्रत्येक वेळी पेटी किती वाजता पडली आणि तेव्हा कोणत्या फाइली उघड्या होत्या, सगळं लिहिलेलं. अकरा पानं, अकरा वेळा. भाविक सरांच्या कंपनीत एवढी नोंद कुणी ठेवत नव्हतं, नोंद ठेवणारा कोड लिहिणारी अफीफासुद्धा.

“हे कुणाला दाखवलंत?”

“शेठला. मी बोल्ली, लडकूनानाची फाइल उघडली का पेटी मरते. लगेच न्हाय मरत. दहा मिनिटं, कवा अर्धा तास. पन मरते. शेठ हासला. बोल्ला, म्हातारा समोर आला का मानसा पल काढतान, पेटीचा काय घेऊन बसलीस.”

अफीफानं वहीची पानं पुन्हा उलटली. अकराही पानांवर लडकूनाना होते.

लडकू पाटील हे केसरीनाथांचे चुलते. तीन नंबरचा गाळा त्यांच्या जमिनीवर. पूर्वी त्यांच्या फाइलीचं नाव इंग्रजीत होतं, ladku3. महिन्यापूर्वी त्यांनी ते पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, मी काय बैल हाय का नंबर मारायला? तेव्हापासून गोदूताईनं सगळ्यांचीच पूर्ण नावं मराठीत घातली. मग नानांनी धाकट्या भावाचं, जीवनचं, नाव पाहिलं. तेही पूर्ण. आपण त्याच्याआधी तीन वर्षं जन्मलो, त्याचं काय? म्हणून नानांच्या नावापुढे आणखी एक गोष्ट लागली, जी अकरा गाळ्यांत दुसऱ्या कुणालाच नव्हती.

पडद्यावर होतं: ‘श्री. लडकू पंढरी पाटील यांचा गाळा क्रमांक तीन आवक’.

“आणि दीपेश? तो ही फाइल नाही उघडत?”

“तो कसला उघडतो. त्याला मराठी टाइप येत न्हाय. abc3 म्हनून स्वताची करतो, मी सकाली उतरवून घेतंय.”

अफीफानं पाणी मागितलं. मग लॅपटॉप काढून पेटीला वायर लावली.

तिच्याकडे कर्नेलची एक खास प्रत होती, पहाऱ्याची. ती बैलगाडीसारखी चालते म्हणून रोज वापरत नाहीत. तिचं काम समजायला गोदामाची जमीन बघितली तरी पुरे. जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. ज्याचा माल त्याच्या पट्ट्यात. कर्नेलही नाव, आकडा, काहीही ठेवायला मेमरीत असेच मोजून पट्टे आखतो. त्याला बफर म्हणतात. एखाद्यानं पट्ट्यात मावेना इतका माल लावला, तर दोन खोकी शेजारच्याच्या हद्दीत जातात. लगेच काही होत नाही. शेजारी आपल्या कामाला येतो तेव्हा अडखळून तोंडावर आपटतो. सगळे धावतात, आपटलेल्याला विचारतात, बघून चालता येत नाही का? माल लावणारा तेव्हा चहा पीत असतो. म्हणून तर जबान्या जुळत नव्हत्या. त्या सगळ्या आपटलेल्यांच्या होत्या. पहाऱ्याचा कर्नेल प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये वॉचमन बसवतो. हद्दीबाहेर पहिलं खोकं टेकलं की वॉचमन शिटी मारतो आणि ठेवणाऱ्याचं नाव सांगतो.

“उघडा नानांची फाइल,” अफीफा म्हणाली.

गोदूताईनं माउस दोनदा दाबला. लॅपटॉपवर धडाधड ओळी आल्या आणि थांबल्या. वरून तिसऱ्या ओळीत ठेवणाऱ्याचं नाव होतं: naav_utar.

नाव उतर. आपल्या कोडमधल्या कामांना मराठी नावं द्यायची हौस कल्याण नाक्यापासून अमेरिकेपर्यंत एकाच बाईला होती.

“काय बोलते ती?” गोदूताईनं विचारलं.

“ताई, या नावात अक्षरं किती आहेत?”

गोदूताईनं बोटांची पेरं मोजली. श्री एक, ल दोन, ड तीन, कू चार. अफीफाही शेजारी मोजत होती, पेरांवरच. दोघींचे आले बावीस.

पट्टा आखताना अफीफानं हेच केलं होतं. पाचवीत व्याकरणाच्या बाईंनी शिकवलं तसं: जोडाक्षर असो, मात्रा असो, वेलांटी असो, अक्षर एक. चाळीस अक्षरांपेक्षा मोठं नाव फाइलीला कोण ठेवतं? मराठी अक्षराला तीन बाइट जागा लागते, चाळीस त्रिक एकशे वीस, वर किरकोळ आठ. एकशे अठ्ठावीसचा पट्टा. आणि इतकी ऐसपैस जागा दिल्यावर, माल मावेल का हे उतरवण्याआधी विचारण्याची ओळ तिनं लिहिलीच नव्हती. इंग्रजीवाल्यानं ती आळसानं गाळली असती. अफीफानं व्याकरणाच्या भरवशावर गाळली.

मशीन व्याकरण शिकलेलं नसतं. त्याच्या लेखी श्री म्हणजे श, पाय मोडल्याची खूण, र, आणि दीर्घ वेलांटी; चार वेगळे जिन्नस, प्रत्येकी तीन, एकूण बारा बाइट. पुढे टिंब एक, मोकळी जागा एक. सगळं नाव, शेवटी फाइलीचा प्रकार सांगणाऱ्या शेपटीसकट, एकशे पस्तीस. पट्ट्याबाहेर सात. जीवनरावांचं नाव श्रीशिवाय एकशे एकवीस, आत सात राखून. धाकटा भाऊ आत मावत होता. मोठ्याचा मान बाहेर सांडत होता.

“ताई, नावातली श्री जरा काढून बघा.”

श्री काढली. वॉचमन गप्प. फाइल वीस वेळा उघडली, बंद केली. एकदाही शिटी नाही.

आता अफीफासमोर सगळं स्वच्छ मांडलेलं होतं. श्री गेली तर उरलेले आठ दिवस पेटी पडणार नाही. कागदावर सही झाली तर मागचे अकरा बाद. चूक ती ऑफिसात बसून गुपचूप दुरुस्त करील, जगात कुणाला कळणार नाही. यासाठी तिला एकही खोटं वाक्य बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि कर्नेलमध्ये काम करणाऱ्यांना तेवढं येतं. मधे अडचण एकच, ती शेजारी बसून वहीत बाराव्या पानावर तारीख घालत होती.

“सापडला का?” गोदूताई म्हणाली.

“बघते,” अफीफा म्हणाली, आणि बघितलं नाही.

चहाच्या वेळेला लडकूनाना आले. रोज यायचे, आपल्या गाळ्यात काय आलं ते बघायला. खरं म्हणजे आपलं नाव बघायला. ऐंशीच्या घरात, पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. ते पडद्याजवळ गेले, थोडे वाकले, आणि सरळ झाले.

“माजी शिरी कनी काढली?”

आवाज ऐकून केसरीनाथ पेन घेऊनच आत आले. “काय झाला, नाना?”

“तुजा काम्पुटर मना जीवनच्या लाइनीत बसवतो. सकाली मी शिरी होतो. आता न्हाय. मी मेलो का काय मधल्या वेलात?”

“गोदू,” केसरीनाथ म्हणाले, “तू हात लावलास?”

गोदूताईनं अफीफाकडे बघितलं. बस, एवढंच. बोलून काय होतं हे तिनं अकरा वेळा बघितलं होतं.

“पयला पलग, आता नानांची शिरी,” केसरीनाथ म्हणाले. “हिला आजच खाली पाठवतू. दे गं तो कागद, सही करतू.”

अफीफाच्या हातात कागद होता. तिनं तो पुढे केला नाही. पुढे केला असता तर एका दिवसात तिचा दुसरा माल गोदूताईच्या पट्ट्यात गेला असता, आणि हे तिला फारच सरळ दिसलं. ज्या बाईला ते दिसत नाही ती सुखी असते.

“श्री मी काढली,” ती म्हणाली. “ताईंनी नाही. आणि प्लगही त्यांनी काढला नाही. पेटी माझ्यामुळे पडते.”

“तू तर हितं पयल्यांदा आलीस,” केसरीनाथ म्हणाले.

“मी ऑफिसात बसून पाडली.”

हे वाक्य गोदामात कुणाला नीट पचलं नाही. मग तिनं पिवळ्या पट्ट्यांचं उदाहरण दिलं आणि ते लगेच पचलं, कारण त्या जमिनीवर पट्ट्यांवरून तीन भावांत बोलणं बंद होतं.

“म्हंजे,” नाना सावकाश म्हणाले, “माज्या शिरीचा वजन तुज्या पेटीला झेपला न्हाय.”

“नाही झेपलं, नाना.”

“आनि जीवनचा झेपला.”

“झेपलं.”

नाना खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी चहा मागवला. महिन्याभरात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

केसरीनाथांनी पेन खिशाला लावलं. “मग कागदाचा काय?”

“कागद खोटा आहे,” अफीफा म्हणाली, आणि तो घडी करून बॅगेत घातला.

बाहेर येऊन तिनं भाविक सरांना फोन लावला.

“किती बाइट?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“सात. अफीफा, माणसं सातबाऱ्यात सात एकर इकडचे तिकडे करतात आणि दुसऱ्या दिवशी सत्कार घेतात. तू सात बाइटची कबुली देऊन आलीस?”

“दुरुस्ती चार ओळींची आहे, सर. आधी नाव किती मोठं ते विचारायचं, तेवढाच पट्टा आखायचा, मग उतरवायचं.”

“मग चार ओळी लिहायच्या. भाषण कशाला?”

“ताईंना खाली पाठवत होते.”

“श्री परत घाल,” भाविक सर म्हणाले. “आणि तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून. पहिला दिवस उद्या. आणि लीडचं आता विसर. या वर्षी तरी.”

चार ओळी तिनं गोदूताईच्या शेजारी बसूनच लिहिल्या, अर्ध्या तासात. श्री परत आली. पहाऱ्याच्या कर्नेलखाली फाइल साठ वेळा उघडली, वॉचमननं तोंड उघडलं नाही. चूक काय होती आणि का झाली, हे कोडबरोबर लिहून ठेवायचं असतं. त्याला मात्र दोन तास गेले, कारण ‘लेखिकेनं पेरांवर मोजलं’ हे इंग्रजीत सभ्यपणे सांगायला शब्द सापडेना.

नंतर ज्याच्या त्याच्या वाट्याला आलं ते असं. नानांचं काही गेलं नाही; त्यांनी ही गोष्ट गावभर सांगितली आणि आठवडा व्हायच्या आत उरलेल्या दहाही मालकांनी आपापल्या नावापुढे श्री मागितली, जीवनरावांनी तर दोन. भाविक सरांचे बावीस दिवस गेले. मनालीची खुर्ची गेली, जी तिला कधी मिळालीच नव्हती, पण तिची आई अजून ती हातची गेली असंच सांगते. दीपेशनं कुणाचं काही केलं नव्हतं. त्याला केसरीनाथांनी abc बंद करून मराठी टायपिंग शिकायला लावलं, शिकवणारी गोदूताई, रोज चार वाजता, शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास जादा, त्या अर्ध्या तासाचे पैसे तिला कुणी दिले नाहीत. महिनाभर तिला चोर ठरवल्याबद्दल तिची माफी कुणी मागितली नाही. अफीफानं मागितली, तर ती म्हणाली, तू न्हाय बोल्लीस गं चोर, तू नुसती कागद घेऊन आलीस.

आणि ते वर्ष.

“झालीस का लीड?” हबीबानं विचारलं.

“नाही, अम्मी.”

हबीबानं भाजी चिरायचं थांबवलं नाही, आणि कारणही विचारलं नाही. तिच्या लेखी हिशोब सरळ होता. “बरं. मग रविवारी साडेचार वाजता महाडचे येतील. मुलगा इन्शुरन्समध्ये आहे.”

अकरा पडझडींचं देणं रविवारी साडेचारला फिटणार होतं, आणि द्यायला अफीफा एकटीच बसणार होती.